ग्रुप: सोसायटी सभासद (फक्त कामाचे मेसेज)

रविवार

मोरे आजोबा, बी-१०२ (स. ८.४०): सर्वांना नमस्कार. मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही, लिहिलं तर पाण्याबद्दलच. आज विषय वेगळा आहे. सूनबाई नोकरीला जातात, त्यामुळे दुपारी दोन ते चार मी आणि नातू टीव्हीसमोर असतो. गेले आठ महिने मी कार्टून बघतो आहे. नीट बघतो, मला अर्धवट बघता येत नाही. काल एक चोर पळत होता आणि हिरो त्याच्या मागे. पाठीमागे वडाचं झाड, शेजारी लाल कौलांची झोपडी. थोड्या वेळाने परत तेच झाड, तीच झोपडी. मी मोजलं. अकरा वेळा. पळत कोण होतं, चोर की झाड? शिवाय चोराची पिशवी मधूनच डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेली. नातवाला दाखवलं तर म्हणतो, आजोबा गप्प बसा ना. आम्ही प्रेसला असताना केसाएवढी रेघ चुकली तरी ती शीट बाजूला निघायची. पोरांसाठी म्हणून काहीही खपवायचं का? तक्रार कुठे करायची, कोणाकडे पत्ता असल्यास द्यावा.

सानप, सेक्रेटरी (८.५२): आजोबा नमस्कार 🙏 ग्रुपचं नाव एकदा वाचावं ही नम्र विनंती. गैरसमज नसावा.

पगारे, सी-२०४ (८.५३): सानपसाहेब, परवा तुम्ही गुलाबाच्या फोटोवर शुभ सकाळ टाकलं ते कोणत्या कामाचं होतं?

खैरनार, खजिनदार (८.५५): सर्वांना कळवण्यात येते की क्लब हाऊसचा प्रोजेक्टर गणपतीनंतर जागेवर नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी वॉचमनकडे जमा करावा.

स्नेहल, बी-२०१ (९.०१): आजोबा, अगदी बरोबर. पण झाडाचं सोडा, भाषेचं काय? माझी चार वर्षांची मुलगी काल मला म्हणाली, ‘मम्मी, तुम मेरा पीछा करना छोड दो.’ मी फक्त वेणी घालायला मागे धावत होते. पोळी नको असली की कपाळावर हात मारून ‘ये क्या नई मुसीबत है’. आमच्या घरात हिंदी कोणीच बोलत नाही. सासूबाईंना वाटतं मीच शिकवते.

तिवारीजी, सी-१०१ (९.०६): ताई, आमच्या घरी सगळे हिंदीच बोलतो, पण असं हिंदी आमच्यातही कोणी बोलत नाही. माझा नातू मला ‘मूर्ख मानव’ म्हणाला. गावी फोनवर त्याच्या पणजोबांनाही म्हणाला. मी फोन पडल्याचं निमित्त केलं.

पगारे: 😂😂

गायधनी काकू, ए-१०३ (९.१०): तिवारीजी, बावीस वर्षांत तुमचं मराठी या ग्रुपवर सगळ्यांत शुद्ध झालं आहे हो. नाहीतर इथे जन्मलेली माणसं ‘पाणी आल का’ लिहितात. ‘आल’ म्हणजे काय, आलं-लसूण?

पगारे (९.१२): काकू, ते मी लिहिलं होतं. सकाळी सहाला, साबण लावलेल्या हाताने.

गायधनी काकू (९.१३): मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

पगारे: कळतं ना काकू सगळ्यांना.

मोरे आजोबा (९.१५): विषय शुद्धलेखनाचा नाही. विषय झाडाचा आहे.

गायधनी काकू (९.१९): झाड तर झाड, पण ते शिनचॅन? मोठ्यांना उलट उत्तरं काय, पॅन्ट काढून नाचणं काय! २००८ साली सरकारनेच बंद केलं होतं. पुढच्या वर्षी काटछाट करून परत आलं. आमच्या शाळेत तेव्हा दोन पोरं तसंच नाचली, शिक्षा मात्र मी दिली म्हणून पालक माझ्यावर धावून आले.

ओंकार, बी-४०४ (९.२६): काकू, मध्ये बोलतो, सॉरी. ते मुळात मुलांसाठी नव्हतंच. १९९० साली जपानमध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात कॉमिक म्हणून सुरू झालं. आपल्याकडे चित्र हललं की ते पोरांचंच, असं धरून चालतात.

पगारे (९.२७): म्हणजे सी विंगच्या पार्किंगसारखं. मुळात पाहुण्यांसाठी होतं, गाडी कोणाची उभी असते ते सगळ्यांना माहितीये.

सानप (९.२८): पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये. इथे नको.

पगारे: मीटिंग कधी आहे?

पगारे: साहेब?

खैरनार, खजिनदार (९.३३): प्रोजेक्टर गणपतीनंतर जागेवर नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी वॉचमनकडे जमा करावा.

डॉ. शिंदे मॅडम, ए-४०२ (९.४१): गुड मॉर्निंग. नुकताच राउंड संपला, आत्ता वाचलं. अमेरिकेत २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला होता. काहींना ९ मिनिटं भरभर पळणारं कार्टून दाखवलं, काहींना संथ, आणि काहींना नुसते रंग देऊन बसवलं. लगेच नंतर थांबून विचार करायची कामं दिली तर भरभर कार्टूनवाली मुलं मागे पडली. प्रयोग छोटा आहे, तो परिणाम पुढे किती टिकतो हे त्यात तपासलं नव्हतं, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. आजोबा, दोन ते चार म्हणजे दोन तास होतात 🙂

मोरे आजोबा (९.४४): त्यातला पाऊण तास तो झोपतो.

डॉ. शिंदे मॅडम: मग टीव्ही बंद का नाही करत?

मोरे आजोबा (९.४६): गोष्ट अर्धी राहिलेली असते.

स्नेहल (९.४८): 😂 आजोबा, ब्लूई बघा. ऑस्ट्रेलियाचं आहे, २०१८ पासून. सात-सात मिनिटांचे भाग. कुत्र्यांचं कुटुंब, बाबा दोन्ही मुलींशी खेळतो. मारामारी नाही, किंचाळणं नाही. एक भाग बघून मी रडले होते.

पगारे (९.४९): बाबा खेळतो?? ताई, हे आमच्या मिसेसला पाठवू नका.

सौ. पगारे, सी-२०४ (९.५०): मीही या ग्रुपमध्ये आहे.

पगारे: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

गायधनी काकू (९.५३): म्हणजे हिंदीतून सुटलो आणि इंग्रजीत पडलो. आपल्या मुलांना आपल्या भाषेत काही मिळणार आहे की नाही? ‘एक अनेक और एकता’ आठवतं का कोणाला? चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ती फिल्म. १९७४ची, विजया मुळे यांनी केलेली. हिंदीच होती, पण त्यात कोणी कोणाला मूर्ख म्हणत नव्हतं. वर्गात अजून नुसती पहिली ओळ म्हटली की मागून कोरस यायचा.

मोरे आजोबा (९.५७): तेच म्हणतो मी. आमच्या मुलाच्या वेळचं टॉम अँड जेरी बघा. मांजर धावताना तिच्या मागचं सगळं घर बदलायचं. टेबल वेगळं, दिवा वेगळा. भांडं फुटलं तर त्याचे तुकडे त्याच भांड्याचे वाटायचे. आता भांडं फुटलं की नुसता पांढरा ढग येतो.

ओंकार (१०.०४): आजोबा, ते १९४० पासूनचं. थिएटरमध्ये दाखवायला बनायचं, हाती पैसा आणि वेळ दोन्ही. सात ऑस्कर मिळाली त्या मांजर-उंदराला. पण गंमत बघा, ते करणाऱ्या त्याच दोघांनी, हॅना आणि बार्बेरा, १९५७ मध्ये टीव्हीसाठी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीवाल्यांचं बजेट बघून काटकसर सुरू केली. योगी बेअर अस्वल आठवतं? अंगात कपडे नाहीत पण गळ्यात कॉलर आणि टाय. कशासाठी? कॉलरमुळे मानेचा जोड झाकतो. धड तसंच ठेवायचं आणि नुसतं डोकं परत काढायचं. चित्रं वाचली.

मोरे आजोबा (१०.०७): अरेच्चा. मान वळते आणि अंग वळत नाही, मला वाटायचं माझाच चष्मा.

ओंकार (१०.१५): आता त्याच्याही पुढे गेलंय. पात्राचे हात, पाय, तोंड सुटे करून कॉम्प्युटरमध्ये जोडतात, कठपुतळीसारखे. चालणं एकदाच करून ठेवायचं, मग सगळे भाग त्याच्यावर. खरं सांगू का आजोबा, दोन वर्षं मी हेच केलं. स्टुडिओचं नाव नको. तुमचं झाड कदाचित मीच काढलेलं असेल 🙏 दिवसाचं काम सेकंदांत मोजायचे. एकदा मला वाटलं, अगदीच रिकामं दिसतंय, म्हणून फांदीवर एक खंड्या बसवला. गंगापूर धरणावर असतो ना, तसा. सरांनी काढायला लावला. म्हणाले, बॅकग्राउंड गोल फिरतं, पक्षी दर चार सेकंदांनी येणार, लोकांच्या लक्षात येईल.

मोरे आजोबा (१०.१७): म्हणजे लक्षात येऊ नये म्हणून पक्षी उडवला आणि झाड ठेवलं?

ओंकार: झाडाकडे कोणी बघत नाही म्हणाले.

मोरे आजोबा (१०.१८): मी बघितलं.

ओंकार: हो. पहिलेच तुम्ही.

पगारे (१०.२०): भो, रविवार चाललाय. मिसळ खायला कोण येतंय? मखमलाबाद रोड. गाडीत दोन जागा आहेत.

सानप (१०.२१): पगारे, हे कामाचं आहे का?

पगारे: मिसळीपेक्षा कामाचं काय असतं साहेब?

तिवारीजी (१०.२४): मी येतो.

गायधनी काकू (१०.३१): ओंकार, निराश नको होऊस रे. काटकसर करूनही चांगलं करता येतं आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने करून दाखवलंय. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०, शेवटही नाशिकलाच झाला, १९४४ साली. पांडवलेणीच्या पायथ्याला स्मारक आहे, तिथे आपण सगळे फक्त भेळ खायला जातो. त्यांनी १९१५ साली काडेपेटीतल्या काड्या घेऊन फिल्म केली होती, ‘आगकाड्यांची मौज’. एक काडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची. त्याच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याची फ्रेम घेतली आणि पडद्यावर रोप वाढताना दाखवलं. कसला स्टुडिओ नि कसलं काय.

मोरे आजोबा (१०.३५): एका वाटाण्यासाठी माणूस रोज कॅमेऱ्यापाशी जात होता. आणि इथे अकरा वेळा तेच झाड.

पगारे: आजोबा, झाड सोडा आता.

मोरे आजोबा: का सोडू?

स्नेहल (१०.४०): मस्त आयडिया! ओंकार, पुढच्या रविवारी मुलांना काड्यांची फिल्म करायला शिकवशील का? फोन स्टँडवर लावायचा. क्लब हाऊसमध्ये करू, मग सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवू.

ओंकार: नक्की ताई. सेकंदाला बारा फोटो पुरतील. दहा सेकंदांची केली तरी एकशेवीस. पोरं कंटाळतील, पण शिकतील.

सानप (१०.४४): विरोध नाही, पण मुलांच्या हातात काडेपेटी? आत्ताच फायर ऑडिट झालं आहे.

पगारे (१०.४५): ऑडिट झालं?? जिन्यातल्या सिलिंडरवरची तारीख बघा एकदा.

सानप: ती तारीख बनवल्याची आहे.

पगारे: संपल्याची कुठे आहे मग?

सानप: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

डॉ. शिंदे मॅडम (१०.४८): काड्यांची गुलं कापून द्या. नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या वापरा. भांडू नका.

खैरनार, खजिनदार (१०.५०): पडद्यावर दाखवायला प्रोजेक्टर लागेल. प्रोजेक्टर गणपतीनंतर जागेवर नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी वॉचमनकडे जमा करावा.

निलेश मोरे, बी-१०२ (११.०२): बाबा, प्रोजेक्टर आपल्या माळ्यावर आहे. विसर्जनाच्या रात्री क्लब हाऊसचं छत गळत होतं म्हणून तुम्हीच उचलून आणला. घरात आहात तर घरातच बोला ना, ग्रुपवर कशाला.

पगारे: 😳

मोरे आजोबा (११.०६): आणला हे बरोबर. पण गुपचूप आणलेला नाही. वॉचमनच्या वहीत नोंद आहे, तारीख-वेळेसकट, खाली दोघांच्या सह्या. तीन वेळा विचारण्याआधी खजिनदारांनी वही एकदा उघडायला हवी होती.

खैरनार (११.०८): ती वही पावसात भिजली. त्याच रात्री. छत गळत होतं.

गायधनी काकू: छताचं बिल मात्र कोरडं राहिलं वाटतं.

सानप (११.०९): काकू, छताचा विषय मीटिंगमध्ये.

पगारे: मीटिंग कधी आहे?

मोरे आजोबा (दु. ४.२०): आजचा भाग बघून झाला. झाड आज नऊ वेळा. पण झोपडीच्या दाराची कडी बाहेरून लावलेली होती आणि म्हातारी आतून दार उघडून बाहेर आली. हे मला दिसलं नव्हतं. नातवाने दाखवलं. त्यानंतर त्याने चोराच्या पिशवीवरही लक्ष ठेवलं. पिशवी आज जागेवर राहिली.

ओंकार (४.२६): आजोबा, त्याला रविवारी नक्की पाठवा. कॅमेऱ्यामागे तोच बसेल.

मोरे आजोबा: साडेचार वर्षांचा आहे.

ओंकार: चालेल.

खैरनार, खजिनदार (४.३१): प्रोजेक्टर वॉचमनकडे जमा झाला. मोरे आजोबांचे आभार. रिमोट आणि काळी वायर सोबत नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी वॉचमनकडे जमा करावी.