अनुभव धागा: छडी न उगारता वर्ग कसा सांभाळता?

नव्यानं लागलेले शिक्षक सारखं हेच विचारायलेत म्हणून धागा काढतोय. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ च्या कलम १७ नं मारणंही बंद आणि मानसिक त्रास देणंही बंद, आणि ते बरोबरच आहे. पण मग वर्ग कसा धरायचा? ट्रेनिंगमधलं नको, आपल्या मराठवाड्यातल्या शाळेत जे खरंच चाललं ते लिहा.

गेवराईच्या बाई: आमची दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडं एकाच खोलीत. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याच्या हाताला काम नसलं की दंगा ठरलेलाच, म्हणून मी परिपाठाच्या आधीच अर्ध्या फळ्यावर दुसरीचं काम लिहून ठेवते आणि पहिलीला चिंचोके देते, दहा-दहाचे ढीग लावायला.

खरा प्रश्न ऊसतोडीच्या लेकरांचा. दिवाळीच्या आसपास आईबापासोबत जातात, कुणी सांगली-कोल्हापूर, कुणी कर्नाटक, आणि मार्च-एप्रिलला येतात तवर वर्ग लई पुढं गेलेला असतो. काहीच कळत नाही मग शेजारच्याला चिमटे काढ, पाटी ओढ, असं चालू होतं, आणि आपल्याला वाटतं पोरगं वांड आहे. तसं नसतं हो, त्याला लाज वाटायलेली असते. अशा लेकराला मी सुरुवातीला वाचायला उभंच करत नाही. मोळ्या किती, एका गाडीत किती बसतात, अशी गणितं घालते, त्यात ते सगळ्यांच्या पुढं असतं, दुसरी लेकरं त्याला विचारायला लागतात आणि चिमटे आपोआप थांबतात.

किनवटकडचा मास्तर: बाई, अगदी खरं. माझी शाळा तांड्यावर, घरी सगळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीतलं लेकरू ऐकत नाही म्हणायच्या आधी त्याला मराठी कळली का ते बघा. ये, बस, पाणी पी एवढं तरी मी त्यांच्याच भाषेत शिकून घेतलं, आणि चौथीतली एक पोरगी शेजारी बसवतो, ती समजावून सांगते.

लातूर, हायस्कूल: नववीचा वर्ग खच्चून भरलेला. आपण आवाज चढवला की त्यांचाही चढतो, म्हणून मी मागच्या बाकाजवळ उभी राहून हळू आवाजात शिकवते. कुणाला बोलायचंच असलं तर तास संपल्यावर व्हरांड्यात, चारचौघांत कधीच नाही. या वयात अपमान लई दिवस लक्षात राहतो.

परभणीचे सर: खिचडीनंतरचा तास, वर तापलेले पत्रे. तेव्हा व्याकरण घेऊच नका. लिंबाखाली न्या, पाढे चालीवर म्हणून घ्या.

नवीन शिक्षिका, जालना: गेवराईच्या बाई, माझ्याकडची लेकरं अंगणवाडीतून नुकतीच आलीत, चिंचोके नाकात घालतात हो. दुसरं काय देऊ?

गेवराईच्या बाई: मग चिंचोके लगेच बंद करा. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करा, धुऊन द्या. नाकात जात नाहीत, मोजायलाही बरी पडतात.