भुकेल्याला अन्न देताना धर्म मध्ये येतो का? केडगावच्या मुक्ती मिशनच्या निमित्ताने

दौंडकर

ख्रिस्ती सेवाकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती जणांना बाटवलं?’ प्रश्न जरूर विचारा, पण तो पहिला नको. माणसं मरत होती तेव्हा तिथे गेलं कोण, हे आधी विचारा.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्यांत तरुण मुलींचे काय हाल होतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. तिथून शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून शहरात ठेवता येईनात. मग फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेच हे मुक्ती मिशन. ही बाई भुकेबद्दल ऐकीव बोलत नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे दुष्काळातच गेले. घरातली भांडीकुंडी विकून झाल्यावर त्या कुटुंबाने रानात झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर खाऊन दिवस काढले होते.

आणि केडगावात नुसतं जेवण घातलं नाही. विणकाम, तेलघाणी, छापखाना; अंध बायकांना ब्रेल आणि वेताचं काम. घरच्यांनी टाकलेली बाई तिथे कमावती झाली. मला तरी करुणा म्हणतात ती हीच वाटते.

पेठेतला वाचक

कामाबद्दल आदर आहेच. पण तुम्ही १८९३ वगळलंत. शारदा सदनात, म्हणजे रमाबाईंच्या विधवांसाठीच्या निवासी शाळेत, धर्मप्रचार होणार नाही, या शब्दावर लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळल्यावर दोघांनी अंग काढून घेतलं, पालकांनीही बऱ्याच मुली परत नेल्या. हे दोघे काही सनातनी नव्हते!

दौंडकर

प्रार्थना रमाबाईंची स्वतःची, स्वतःच्या खोलीतली. दार उघडं असायचं, बोलावणं कुणालाच नव्हतं. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, त्या हिंदूच राहिल्या. दडपण असतं तर हे झालं असतं?

पेठेतला वाचक

एका गोदूबाईंवरून सगळ्यांचं ठरवू नका. त्यांच्यामागे भाऊ उभा होता. दुष्काळातून आणलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीमागे कोण होतं? आईबाप गेलेले, गाव सुटलेलं. जी बाई जेवू घालते, न्हाऊ घालते, शिकवते, तिचाच देव त्या पोरीला आपला वाटणार. यात रमाबाईंचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्या वयातल्या होकाराला मी निवड म्हणणार नाही. केडगावच्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या, त्याचं कारण मला हेच दिसतं.

वसईची लेक

मी कॅथलिक आहे, म्हणून आतून काय दिसतं ते सांगते. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचं काम चालतं. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था. नियम साधे: सभासदांनी जोडीने गरजूच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, मग औषधाचं बिल असो की शाळेची फी, जमेल ते बघायचं. कुणाला काय दिलं हे बाहेर बोलायचं नाही. घर कोणत्या धर्माचं, हा प्रश्न मध्ये येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात २५ व्या अध्यायात येशू म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत. त्या भुकेल्याने आधी काय मानावं, याची अट तिथे कुठेच नाही. त्यामुळे मदतीच्या पिशवीसोबत कुणी पत्रक देऊ लागला की मला त्रास होतो. धान्य देतानाचे फोटो काढणाऱ्यांचाही तितकाच होतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवणही त्याच शुभवर्तमानातली.

मात्र वाचकसाहेब, त्या पोरींना ठेवून घ्यायला तेव्हा दुसरी किती दारं उघडी होती? कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये सुरू झाला, तोही विधवांसाठी आणि अगदी लहान प्रमाणावर.

सातारी माणूस

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. दुष्काळात माणसं मेली ती राज्यकर्त्यांच्या धोरणाने. दानधर्माने त्यावर पांघरूण पडतं.

दौंडकर

सातारी, रमाबाईंना हे लागू होत नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप फेटाळले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. सरकारही ख्रिस्ती आणि त्याही ख्रिस्ती, पण म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

पेठेतला वाचक

वसईच्या ताई, दारं उघडी नव्हती हे खरं, आणि त्याचा दोष आमच्याकडेच येतो. तो मी नाकारत नाही. पण आसरा देणं वेगळं आणि बाप्तिस्मा देणं वेगळं. मुलगी सज्ञान होऊन स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत दुसरी गोष्ट थांबवता आली असती. जेवण, शाळा, विणकाम, यातलं काहीच त्यामुळे अडलं नसतं. तेवढं झालं असतं तर या धाग्यावर मी दौंडकरांच्या बाजूने लिहीत असतो.