इंडी बायकांचे अल्बम : स्वतंत्र आहेत, पण नेमक्या कोणापासून?

निमसूर
भाचीने दिवाळीत माझ्या फोनवर एक प्लेलिस्ट टाकून दिली. म्हणाली मामा, तुझं भावगीत नाट्यगीत बास झालं आता, स्वतः लिहून स्वतः चाल लावून स्वतः गाणाऱ्या बायका ऐक जरा, मागे कंपनी-बिंपनी काही नाही, सगळ्या इंडी. बरं म्हटलं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन महिने रोज ऐकतोय, त्यामुळे न ऐकताच नावं ठेवतोय असं कोणी म्हणू नका. अरूज आफ्ताब, एड्रियन लेंकर, लेवे, ब्रिटनची ‘रे’ नावाची गायिका, आपल्या मुंबईची माली वगैरे.

आता मत. यातल्या निम्म्या बायका गात नाहीत, कानाशी पुटपुटतात. माइक ओठाला चिकटवायचा, गिटारच्या दोन तारा छेडायच्या आणि ब्रेकअपची डायरी वाचायची. पहिलं गाणं छान वाटतं, तिसऱ्याला आपण सिग्नलचे सेकंद मोजायला लागतो. आणि हे इंडी प्रकरण तर अजबच. लेवेचे अल्बम ज्या एडब्ल्यूएएल नावाच्या वितरण कंपनीमार्फत येतात ती सोनी या बड्या कंपनीच्या मालकीची. म्हणजे पाटी ‘घरगुती पापड’ आणि माल कारखान्यातला. गाणं चांगलं असेल तर चांगलं म्हणू की, ‘स्वतंत्र’ आणि ‘स्त्री’ म्हणून जादा मार्क कशाला?

(अरूज आफ्ताबला यातून वगळतो. तिचा २०२१ चा अल्बम व्हल्चर प्रिन्स रात्री दिवे घालवून ऐकलाय. पण ती तर गालिबचे शब्द पण गाते, मग सिंगर-साँगरायटर कशी, तेही कोणीतरी सांगा.)

कडक_चहा
मामा, बाप्यांनी प्रेमभंगावर गायलं की दर्द आणि बाईने गायलं की डायरी? अख्खी गझल म्हणजे दुसरं काय आहे हो, शेकडो वर्षं बाप्ये एकाच बेवफा बाईची तक्रार करतायत, तेव्हा नाही कोणी सिग्नल मोजले.

आणि पुटपुटण्याचं म्हणाल तर तुमचं लाडकं भावगीतसुद्धा माइक आला म्हणूनच हळू झालं ना. त्याआधी नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज फेकायला लागायचा. गजानन वाटवे हळुवार गायचे ते चालतं, एड्रियन लेंकर हळू गायली की पुटपुटणं. तिचा २०२० चा साँग्ज हा अल्बम ऐकलात का? लॉकडाऊनमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जंगलातल्या एका खोलीच्या लाकडी घरात टेपवर रेकॉर्ड केलाय, मधेच पक्षी ओरडतात ते पण तसेच ठेवलेत. तिथे ओरडून गायचं कोणासाठी?

रविवारचा_रियाज
निमसूर, तुमच्या यादीत एक ढोबळ चूक आहे. रे आणि पुटपुटणं? ती बाई घसा सोलून काढते.

तिची गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात. २०१४ मध्ये पॉलिडॉर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी चार अल्बमचा करार, तेव्हा वय सतराच्या आसपास. त्यानंतर सात वर्षं एकही अल्बम नाही, दुसऱ्यांसाठी गाणी लिही, डान्स ट्रॅकवर आवाज दे, हेच. जून २०२१ ला तिने ट्विटरवर सगळं लिहून टाकलं, पुढच्याच महिन्यात करारातून बाहेर. मग स्वतः काढला माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज, फेब्रुवारी २०२३. त्यातलं एस्केपिझम अल्बम यायच्या आधीच ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं होतं. २०२४ च्या ब्रिट अवॉर्ड्सला एका रात्रीत सहा बक्षिसं, इतकी तोवर कोणालाच मिळाली नव्हती. आजीला घेऊन स्टेजवर गेली होती, तो व्हिडिओ बघा आणि मग डायरी म्हणा.

निमसूर
रेचा आवाज दमदार, मान्य, यादीत नाव घाईत पडलं. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. अल्बमचं वितरण ह्यूमन रीसोर्सेसने केलं, ती ऑर्चर्डची, ऑर्चर्ड सोनीची. फिरून भोपळे चौकात.

रविवारचा_रियाज
वितरण वेगळं, मालकी वेगळी. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कोणाच्या नावावर आहेत ते महत्त्वाचं. दूध डेअरीला घातलं म्हणून म्हैस डेअरीची होत नाही.

निमसूर
आणि दुधाचा दर कोण ठरवतं?

वाडीवरचा
हाहा हे बरोबर बोलले. आमच्याकडं म्हैस आपली, चारा आपला, शेण आपलं, दर त्यांचा.

कडक_चहा
मग उरलं काय? म्हैस विकायची?

रविवारचा_रियाज
उलट उदाहरण देतो. अॅनी डिफ्रँको. अमेरिकेतल्या बफेलो शहरातली पोरगी, १९९० मध्ये स्वतःची राइचस बेब रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, तेव्हा विशीसुद्धा पुरती उलटली नव्हती. मोठ्या कंपन्या मागे लागल्या तरी गेली नाही, कार्यक्रमात कॅसेट विकत विकत वाढली. आणि एमी मान. तिचा बॅचलर नंबर टू कंपनीला ‘यात हिट गाणं दिसत नाही’ म्हणून नको होता, तिने रेकॉर्डिंग परत विकत घेतलं आणि २००० साली स्वतःच काढला. ही दोघी स्वतंत्र म्हणायला तरी हरकत नसावी?

निमसूर
हरकत नाही. पण तेव्हा सीडी विकली जायची हो, गाडीच्या डिकीत खोकं ठेवून पण विकता यायची. आता काय विकणार? आणि मग मला हे सांगा की फिओना अॅपलचा फेच द बोल्ट कटर्स कुठे टाकायचा. २०२० चा, घरात रेकॉर्ड केलेला, कुत्री भुंकतायत, मेलेल्या कुत्रीची हाडं तालवाद्य म्हणून वाजवलीत, कुठल्या कंपनीने असं काही मागितलं असेल असं वाटत नाही. आणि आला कुठून तर एपिककडून, म्हणजे सोनीच! म्हणजे सोनीतली बाई जास्त मोकळी आणि इंडी म्हणवणाऱ्या सगळ्यांचा आवाज एकाच साच्यातला. म्हणूनच म्हणतोय, शिक्का बघून ऐकू नका.

खोली_नंबर_७
बरेच दिवस वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. मी स्वतः गाणी करते, मराठीत, मागच्या वर्षी सात गाण्यांचा अल्बम काढला, कोणी ओळखत नाही त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही.

स्वतंत्र म्हणजे काय ते माझ्या बाजूने सांगते. कपाटातल्या साड्या तशाच लटकत ठेवून दारावर आजीची गोधडी टाकायची आणि आत उभं राहून गायचं, कारण घुमत नाही. मे महिन्यात. पंखा बंद, कारण माइकमध्ये येतो. सोसायटीची पाण्याची मोटर पावणेसहाला सुरू होते म्हणून पहाटे चारला टेक घ्यायचे, त्यामुळे आवाज आपोआपच हळू लागतो, शेजारी झोपलेत हो! निमसूर, तुम्हाला जी शैली वाटते ती कधी कधी वन बीएचके असते.

मिक्सिंग बाहेरून करून घेतलं, त्यात वर्षाची बचत गेली. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात १००० वेळासुद्धा न वाजलेल्या गाण्याला काहीच द्यायचं नाही. माझी सातातली चार त्यात बसली. उरलेल्या तीन गाण्यांत मिळून जे आलं त्यात चौघांचा वडापाव निघाला, चहा माझ्या खिशातून. बँडकॅम्पवर, म्हणजे गाणी थेट विकायच्या साइटवर, निदान विकलं की साधारण १५ टक्के कापून बाकीचे आपले, पण माझ्या ओळखीत तिथून विकत घेणारी माणसं दोन, त्यातला एक भाऊ.

आणि मिक्स करणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, अरेंजमेंट कोणी केलीय, मिस्टरांनी का? मिस्टरांना सा कुठला ते कळत नाही.

कडक_चहा
+१. इमोजेन हीपची आठवण झाली. २००५ च्या स्पीक फॉर युवरसेल्फसाठी तिने राहता फ्लॅट गहाण टाकला होता, सगळं लिहिणं वाजवणं बसवणं स्वतः केलं. पुढच्या अल्बमला २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं ते गाण्याचं नाही, ध्वनिमुद्रणाच्या इंजिनिअरिंगचं! तरी विचारणारे विचारतातच, मिस्टरांनी का.

जादा मार्क कोणी मागतच नाहीये मामा. कापलेले परत द्या म्हणतायत.

निमसूर
खोली नंबर ७, मिस्टरांच्या प्रश्नाला काही उत्तर नाही, लाज वाटली वाचून. पण एक विचारतो, राग नको. तुमचा अल्बम मी ऐकला आणि नाही आवडला तर ‘केवढं धाडस’ म्हणू का नाही आवडला म्हणू?

खोली_नंबर_७
नाही आवडला म्हणा, पण का ते सांगा. मला आजवर जेवढ्या प्रतिक्रिया आल्या त्यात धाडसी, प्रामाणिक, मनातलं बोललीस. एकानेही सांगितलं नाही की दुसऱ्या कडव्यात चाल पडते. ती पडते. मला माहितीय. डायरी म्हणून नावं ठेवणारे आणि डायरी म्हणून कौतुक करणारे, दोघंही गाणं ऐकत नाहीत.

वाडीवरचा
मी परभणीकडचा. तुम्ही लोक बफेलो आणि मॅसॅच्युसेट्सला जाऊन आले पण जात्यावर कोणी बसलं नाही म्हणून लिहितो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, १ लाखाच्या वर आहेत, आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंच्या पण त्यात आहेत. दळायला बसलेली बाई स्वतःच रचते, स्वतःच गाते, सासू झोपलेली असते म्हणून हळू गाते. कंपनी नाही, माइक नाही. अन् आजच्या घडीला शीतल साठे गाणी लिहिते पण, डफ घेऊन गाते पण, त्यापायी तुरुंग पण बघितला. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात, मोबाइलवर लाखो लोकांनी ऐकली. ह्यांना इंडी कोणी म्हणत नाही. इंडी म्हणायला गिटार लागते का?

रविवारचा_रियाज
साठेंबद्दल शंभर टक्के. पण ओव्यांबाबत थोडं थांबा. ओवी एकीची नसते, एक ओळ ही टाकते, दुसरी ती जोडते, माहेरची सासरी नेते, तीच दहा गावांत दहा वेगळ्या तोंडी सापडते. त्याला साँगरायटरचा अल्बम म्हणणं म्हणजे त्या बायकांचा मोठेपणा वाढवायच्या नादात त्यांची रीतच पुसून टाकणं. बहिणाबाई वेगळ्या, ती एका बाईची रचना. पण तीही सोपानदेवांनी वगैरे लिहून ठेवली म्हणून राहिली, पुस्तक आलं ते १९५२ ला, बाई गेल्यावर.

वाडीवरचा
पटलं अर्ध. पण गंगूबाईंची ओवी गंगूबाईंच्या गळ्यातून जशी येते तशी दुसरीकडून येत नाही, त्याला काय नाव द्यायचं ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा.

दूरचा_पाऊस
न्यू जर्सीहून. कोणीच गणव्या या गायिकेचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. जन्म न्यूयॉर्कचा, वाढली तमिळनाडूत, हरिकथा आणि वारकरी अभंग ऐकत गात मोठी झाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा डॉटर ऑफ अ टेंपल आला, बर्लिनच्या लायटर या छोट्या लेबलवर. जाझवाल्या अॅलिस कोल्ट्रेनची छाया आहे त्यावर, एस्पेरान्झा स्पाल्डिंग, विजय अय्यर अशी जाझमधली माणसं जमवून भजनी मंडळासारखं बसून केलंय. इकडे अमेरिकन लोक डोळे मिटून ऐकतात आणि माझी इथलीच मराठी मित्रमंडळी मला विचारतात ‘हे काय रडगाणं लावलंस’.

निमसूर
अहो पण परत तोच प्रश्न, शब्द जुने, परंपरा जुनी. मग तिने लिहिलं काय?

कडक_चहा
तुमच्या अरूजचं पण तेच की! गालिबचा शेर घेऊन तिने जी शांतता मधे सोडलीय ती काय गालिबने लिहून दिली होती? रचना म्हणजे फक्त शब्द नाहीत. हा घोळ आपल्या भावगीताने घातलाय: कवी एक, संगीतकार दुसरा, आणि बाई आली की ‘या ताई, हे असं गायचंय’. तिघांची कामं वेगळी आणि त्यात बाईला फक्त गळा. लताबाईंनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं, मोहित्यांची मंजुळा, साधी माणसं, ते पण आनंदघन नाव घेऊन! साक्षात लता मंगेशकर, आणि संगीतकार म्हणून टोपणनाव.

निमसूर
आनंदघनचं त्यांनी भीतीने केलं असं मला वाटत नाही. गायिका म्हणून दबदबा इतका होता की कोणी अडवणार नव्हतं. संगीत नावाशिवाय तपासून घ्यावं, असं पण असेल.

कडक_चहा
तपासून घ्यावंसं बाईलाच वाटतं, हाच तर मुद्दा आहे. असो, चहा निवला.

दूरचा_पाऊस
खोली नंबर ७, लिंक द्या ना तुमची.

खोली_नंबर_७
इथे दिली की जाहिरात म्हणतात. व्यनि (खाजगी निरोप) करते. निमसूर, तुम्हाला पण करते, हिंमत असेल तर ऐका.

निमसूर
ऐकला. दोनदा. काल येताना आणि आज जाताना, म्हणजे एकूण अडीच तास धरा.

तिसरं गाणं पुटपुटलंय, मत बदलणार नाही. दुसऱ्या गाण्यातलं दुसरं कडवं, तुम्ही म्हणता तसं खरंच पडतं, पंचमावर थांबायला हवं होतं, तुम्ही घाईने खाली आलात. सहावं नुसतं लांबलंय. पाचवं मात्र मी सिग्नलला हिरवा झालेला असताना ऐकत बसलो आणि मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला.

चौथ्यात शेवटच्या ओळीआधी कुकरची शिट्टी आहे. ती फिओना अॅपलच्या कुत्र्यांसारखी मुद्दाम ठेवलीय का?

खोली_नंबर_७
नाही हो, समोरच्या काकूंची. पहाटे पावणेपाचला डबा करतात. काढून टाकणार होते, पण बघितलं तर सुरात होती.

वाडीवरचा
मग काकूंचं नाव टाका की अल्बमवर