मदत हवी आहे: क्वारीच्या उभ्या फेसमधले (खणलेल्या कड्यातले) जॉईंट, म्हणजे दगडातल्या मूळच्या चिरा, कसे मोजायचे? आरक्यूडी (दगड किती अखंड त्याचा टक्का) मस्त येतोय पण फेस बघून धडकी भरते

नमस्कार मंडळी, पुण्याजवळ एका खडीच्या क्वारीवर सुपरवायझर आहे. डिप्लोमा सिव्हिलचा, जिऑलॉजी एका विषयापुरतीच झालेली. इथे कोणी मायनिंगवाले, जिऑलॉजीवाले असतील तर प्लीज वेळ काढून वाचा, खाली काम करणाऱ्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आमचा उत्तरेकडचा फेस साधारण 18 मीटर उंच, मधे बेंच (पायरी) नाही, आधीच्या ठेकेदाराने सरळ खाली खणत नेलाय. खाली काळा कडक बेसॉल्ट, त्यात उभे जॉईंट, म्हणजे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे सुबक खांब नाहीत पण जात तीच. त्याच्यावर लाल बोलचा (दोन लाव्हांमधल्या लाल मातीसारख्या दगडाचा) थर, कुठे वीतभर कुठे हातभर, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड आणि सगळ्यात वर मुरूम. पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी लाल थराच्या डोक्यावरून पाणी पाझरतंय, थर आत झिजत चाललाय आणि वरचा मांजऱ्या बाहेर लोंबतोय. मालकांना पुढची ड्रिलिंगची लाईन याच फेसच्या पायथ्याला हवीय. मी नको म्हटलं तर म्हणाले दगड खराब आहे हे आकड्यात दाखवा.

कोअर (बोअरमधून निघणारा दगडाचा दांडा) काही काढलेला नाही, म्हणून बाजूच्या बुटक्या फेसवर टेप लावून जॉईंट मोजले. उभ्यांचे दोन सेट, एकात अंतर सरासरी 0.4 मीटर, दुसऱ्यात 0.5, आणि आडवे साधारण मीटरभरावर. म्हणजे एका घनमीटरला 2.5 + 2 + 1 = 5.5 जॉईंट. या आकड्यावरून आरक्यूडी काढायचं पामस्ट्रॉमचं सूत्र लावलं, 115 वजा 3.3 गुणिले 5.5, आरक्यूडी आला 97! म्हणजे पुस्तकाप्रमाणे उत्कृष्ट दगड. हा आकडा मालकांना दाखवला तर ते उद्याच मशीन लावतील.

मग नक्की काय मोजायचं? आरएमआर (दगडाच्या एकूण दर्जाचे मार्क) काढला तर खरं चित्र येईल का? ब्लास्टिंगने पडलेल्या चिरा आणि मूळचे जॉईंट वेगळे कसे ओळखायचे? आणि मोबाईलचं कंपास अ‍ॅप फेसजवळ नेलं की प्रत्येक वेळी वेगळी दिशा दाखवतंय ते का?

खडकप्रेमी:
दादा, पहिलं म्हणजे त्या लोंबणाऱ्या भागाखाली मोजायलासुद्धा कोणी जाऊ नका. समोरून लांबून फोटो काढा, फेसला स्केल म्हणून वरून खुणेची दोरी सोडा.

तुमचा 97 गणित म्हणून बरोबर आहे, पण आरक्यूडी फक्त तुकडे किती मोठे ते सांगतो. तुकडा कुठल्या बाजूला सरकणार, चिरेत माती आहे का, पाणी आहे का, यातलं काही त्याला कळत नाही. अजून एक, उद्या कोणी म्हणालं की उभा बोअर मारून कोअर काढू, तर आपल्या बेसॉल्टमधे तो फसवतो, कारण उभा बोअर उभ्या जॉईंटला जवळजवळ भेटतच नाही. आडवा टेप उभे पकडतो पण आडवे सोडतो, म्हणून दोन्ही दिशांना टेप लावा, आणि एका भिंतीवर भागवू नका, काटकोनातली दुसरी पण घ्या.

आरएमआरमधे पाणी आणि जॉईंटची अवस्था येते, पण उभ्या फेसला रोमानाचा एसएमआर (1985), म्हणजे उतारासाठी सुधारलेला आरएमआर, जास्त उपयोगी. त्यात जॉईंट आणि फेसची दिशा किती जुळते त्यावर मार्क वजा होतात, जास्तीत जास्त 60 पर्यंत, आणि ब्लास्टिंग निकृष्ट असेल तर अजून 8. फेसला समांतर उभे जॉईंट असतील तर खांब पुढे कलून पडायची भीती, फेसकडे उतरणारे असतील तर घसरायची. पण लाल थर या सगळ्यात मिसळून सरासरी काढू नका. तो भिजून ढिला होतो, वरच्या दगडाचा आधारच जातो. खालचा काळा, लाल बोल, मांजऱ्या, तिघांची नोंद वेगवेगळी करा.

मूळच्या जॉईंटवर बहुतेक पिवळट-तांबूस गंज किंवा झिओलाइट, कॅल्साइटचा लेप असतो आणि ते लांबवर सलग जातात. ब्लास्टच्या चिरा ताज्या, स्वच्छ, आखूड, होलपासून फाकलेल्या. कंपासचं म्हणाल तर बेसॉल्टमधे मॅग्नेटाइट असतं, वर शेजारी पोकलेन उभा असेल तर ब्रंटन, म्हणजे जिऑलॉजीवाल्यांचा कंपाससुद्धा चुकतो. दिशा लांबून, फेसच्या रेषेत उभं राहून घ्या.

आणि मालकांना आकडाच हवा असेल तर 1961 चं मेटॅलिफेरस माईन्स रेग्युलेशन (खाणींच्या सुरक्षेचे नियम) दाखवा, 106 वं. मुरमाला जास्तीत जास्त 45 अंशाचा उतार नाहीतर 1.5 मीटरपर्यंतचे बेंच. कडक दगडालाही धोका राहणार नाही असे बेंच, उतार किंवा आधार हवाच, आणि खालून पोखरून वर लोंबतं ठेवायला सरळ मनाई आहे.

धागाकर्ता:
सर खूप आभार, हे 106 चं माहीतच नव्हतं, प्रिंट काढून मालकांना देतो. फेसच्या पायथ्याला दोरी बांधून रस्ता आजच बंद केलाय. एक विचारायचं राहिलं, वरचा मांजऱ्या पोकलेनने वरूनच उतरवायचा तर मशीन कडेपासून किती आत उभं करू? कडेला समांतर एक लांब चीर जमिनीवर पण दिसतेय, फोटो संध्याकाळी टाकतो.

खडकप्रेमी:
चीर असेल तर अंतर कडेपासून नाही, चिरेपासून धरायचं, आणि मशीन चिरेच्या मागेच. चिरेवर दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर रोज सकाळी लिहून ठेवा. वाढत असेल तर वरचं कामसुद्धा थांबवा आणि माईन मॅनेजरला बोलवा. फोटोत चीर पूर्ण येऊ द्या, दोन्ही टोकांसकट.