व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही? आपापले अनुभव टाका

लेकीला कॉलेजात लिनक्स लागलं म्हणून घरच्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. स्टार्ट दाबलं की व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय) बंद असल्याची चौकट. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगांत) 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू केलं आणि चाललं. एक दुकानदार याच कामाला विंडोज फॉरमॅट करा म्हणत होता! पुण्यात घरटी एक आयटीवाला आहे, तेव्हा अनुभवांची टंचाई नसावी. येऊ द्या.

सिंहगडरोडकर: एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्यांनी बायोसमध्ये इंटेलचं नाव शोधत बसू नये. तिथे 'एसव्हीएम मोड' असतं; माझ्या मदरबोर्डवर तर ते ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलं होतं. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू बघा. 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसलं तर बायोसला हात लावायचं कारणच नाही.

वाकडवाली: माझ्याकडे एनेबल्डच होतं, तरी व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) लॉगिनपर्यंत येईस्तोवर चहा पिऊन व्हायचा. खिडकीच्या खालच्या पट्टीत बघते तर हिरवं कासव! ते दिसलं की समजायचं, विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (तेही व्हर्च्युअल मशीन चालवणारंच) प्रोसेसरची ती सोय आधीच धरून बसलंय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली राबावं लागतंय. 'विंडोज फीचर्स'मधली हायपर-व्हीची टिक काढली, कासव ढिम्म. खरी मेख विंडोज सिक्युरिटीत, कोअर आयसोलेशनखालच्या 'मेमरी इंटेग्रिटी'त होती. ती बंद केली, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायजरलाँचटाइप ऑफ' दिलं, रीस्टार्ट केलं. कासव गेलं, पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आणि त्यावरचं डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) हेही गेलं. डॉकर लागलं की तीच कमांड 'ऑटो' करून देते आणि पुन्हा रीस्टार्ट करते. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उद्योग परस्पर करू नयेत.

पेठकर: आमचा छोटा छापखाना. जुन्या पत्रिका पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फाँटांत. त्यासाठी व्हीएमवेअरमध्ये (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच सॉफ्टवेअर) जुनं विंडोज एक्सपी जपून ठेवलंय. गुरुवारी लाइट गेली, आल्यावर मशीन म्हणे 'वापरात आहे', मालकी घ्यायचं बटण दाबलं तरी नकार. दारात पत्रिकेवाले उभे. भाच्याने फोनवर सांगितलं: मामा, व्हीएमवेअर पूर्ण बंद करा, मशीनच्या फोल्डरमध्ये '.एलसीके'ने संपणारी फोल्डरं असतील, ती उचलून बाजूला ठेवा. ठेवली, एक्सपी उठलं. मशीन खरंच दुसरीकडे चालू नाही ना, एवढं मात्र आधी बघायचं. आता यूपीएस घेतलाय.

सिंहगडरोडकर: काका, फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवता ना? मशीन शटडाऊन करूनच घ्या.

पेठकर: दर रविवारी. भाचा ऐकतोय थोडाच.

औंधचा पेंग्विन: लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांसाठी. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) मॉड्यूल लोड होतानाच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं, म्हणून अपडेटनंतर मशीन 'व्हीएमएक्स रूट मोड'ची तक्रार करत पडू शकतं. 'सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल' दिलं की तेवढ्यापुरतं भागतं. कायमचं हवं असेल तर कर्नलला सुरू होताना द्यायच्या बूटच्या ओळीत 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०' घाला.

वाकडवाली: म्हणजे तिकडेही तेच भांडण, फक्त कासव दिसत नाही.