छोट्या ऑफिसची फोन सिस्टीम: कुठली मॉड्यूल्स टाकू आणि कुठली नको? सल्ला हवाय

गाळा_नंबर_चौदा:
मंडळी नमस्कार. साकीनाक्याला आमचा छोटा धंदा आहे, बेअरिंग आणि पंपाचे स्पेअर. ऑफिसात नऊ माणसं, भिवंडीच्या गोदामात दोघं. जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारं एक्स्चेंज) होता, त्याचं कार्ड गेलं आणि आता पार्ट मिळत नाही, कंपनीने तो धंदाच बंद केलाय म्हणतात. मग भाच्याने एका मिनी पीसीवर फ्रीपीबीएक्स १७ (तेच काम करणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं आणि स्वारी नोकरीसाठी पुण्याला गेली. आता त्यातलं मॉड्यूल ॲडमिन (एकेक सोय म्हणजे मॉड्यूल टाकायचं-काढायचं पान) उघडलं की एवढी नावं दिसतात की डोकं गरगरतं, कशाला काय म्हणतात तेच कळत नाही. एक व्हेंडर येऊन गेला, तो म्हणे सगळी टाकून घ्या, पैशाच्या मॉड्यूल्सचं लायसन्स मी देतो. आकडा ऐकून बाबा म्हणाले एवढ्यात तर फोन उचलायला माणूस ठेवू.

हवंय एवढंच: दोन लँडलाइन आहेत त्या चालाव्यात, फोन आला की सेल्सच्या तिघांकडे एकदम वाजावा, संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी माझ्या मोबाईलवर यावा, गोदामाशी आतल्या आत बोलता यावं आणि जमलं तर रेकॉर्डिंग. कुठली मॉड्यूल्स पुरतील?

ठाणे_स्लो:
पीसीच्या भानगडीत पडूच नका हो, तयार डबा घ्या. यीस्टार एस२० बघा, आत बोटाएवढी कार्डं बसतात, ओ२ घातलं की दोन बाहेरच्या लाइनी, एस२ घातलं की दोन साधे फोन, एसओ म्हणजे एकेक. २० एक्स्टेन्शन, एका वेळी १० कॉल, तुम्हाला डोक्यावरून पाणी. जुना स्टॉक नको असेल तर त्यांचीच पी सिरीज आहे, किंवा ग्रँडस्ट्रीमचा यूसीएम६२०२, त्यात दोन लाइनींची सोय आधीपासूनच असते. कार्ड बसवताना डब्याची वीज बंद करा एवढंच.

लॅमिंग्टनचा_वायरमन:
डबा वाईट नाही, पण यांच्याकडे पीसी चालू झालाय तर तो कशाला टाकून द्यायचा. चौदा नंबरवाले भाऊ, त्या यादीकडे बघूच नका आधी. कागद घ्या आणि फोन आल्यावर कुठून कुठे जाणार ते लिहून काढा, लाइन वाजली, मग वेळ बघितली, मग तिघांकडे गेला, कुणी उचलला नाही तर पुढे काय. हा रस्ता कागदावर आला की मॉड्यूल्स आपोआप ठरतात आणि ती सगळी फुकटातलीच निघतात. फ्रेमवर्क आणि कोअर तर असतंच. त्यावर रिंग ग्रुप्स (एकदम अनेक फोन वाजवायला), टाइम कंडिशन्स (वेळ बघून कॉल वळवायला), सिस्टीम रेकॉर्डिंग्ज (ऐकवायचे निरोप), कॉल रेकॉर्डिंग, सीडीआर रिपोर्ट्स (झालेल्या कॉलची नोंद), म्युझिक ऑन होल्ड, फायरवॉल, बॅकअप आणि त्याच्या जोडीला फाइलस्टोअर, कारण बॅकअप कुठे टाकायचा ते फाइलस्टोअरमध्ये सांगावं लागतं, ते नसेल तर बॅकअपवाला नुसता हात चोळत बसतो. क्यूज (कॉल रांगेत थांबवायची सोय) नको, तीन माणसांना रिंग ग्रुप पुरतो. डीसा तर अजिबात नको, बाहेरून फोन करून तुमच्याच लाइनीवरून पुढे फोन लावायची सोय असते ती, चोराच्या हाती आयती किल्ली.

टाकताना क्रम पाळा. आधी फ्रेमवर्क अपडेट, मग कोअर, मग बाकीची एकेक करून. सगळ्यांवर टिक मारून एकदम बटण दाबू नका, एक अडकलं की त्याच्यावर टेकलेली बाकीची डिसेबल होऊन बसतात आणि नेमका कोणी घोळ घातला तेच कळत नाही. एज नावाचा ट्रॅक दिसेल, त्यात चाचणी चालू असलेली व्हर्जन्स येतात, चालत्या ऑफिसात त्याला हात लावू नका. नवीन व्हर्जनने त्रास दिला तर मॉड्यूल ॲडमिनमध्येच आधीच्या व्हर्जनवर परत जाता येतं. आणि दरवेळी बदल केल्यावर वर लाल अप्लाय कॉन्फिग येतं ते दाबल्याशिवाय काही लागू होत नाही, अर्धी दुनिया इथेच अडकते आणि मला फोन करते.

आता लाइनी. लँडलाइन थेट पीसीला लागत नाही, मध्ये एफएक्सओ गेटवे (लँडलाइन नेटवर्कला जोडणारा डबा) लागतो. दोन लाइनींना ग्रँडस्ट्रीमचे दोन एचटी८१३ किंवा चार पोर्टचा जीएक्सडब्ल्यू४१०४. फ्रीपीबीएक्समध्ये त्याची पीजेसिप ट्रंक (गेटवेशी जोडणारा दुवा) बनवा. जुने व्हिडिओ बघून चॅनसिप (त्याचा जुना प्रकार) शोधत बसू नका, फ्रीपीबीएक्सच्या पोटातलं इंजिन म्हणजे ॲस्टेरिस्क, त्याच्या २१ पासून ते काढूनच टाकलंय.

खरी मजा आउटबाउंड रूटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमांत) आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. आणि जुन्या ईपीएबीएक्सवर लाइन घ्यायला लोक ० किंवा ९ दाबायचे. तुमच्याकडे ० ची सवय असेल तर माणूस लाइनसाठी एक शून्य दाबणार, मोबाईलसाठी दुसरं, मग दहा आकडे, आणि सिस्टीमला वाटणार साहेब परदेशात फोन लावतायत, कारण ०० म्हणजे आयएसडी. म्हणून लाइन घ्यायचा आकडा बंदच करा. रूटमध्ये लिहा की सहा ते नऊने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की त्याच्या आधी ० चिकटवायचा, दोनपासून पुढच्या आकड्याने सुरू होणारा आठ आकडी आला की तसाच सोडायचा, ठाणे-नवी मुंबईही ०२२ मध्येच असल्याने ते त्यातच आले. भिवंडीच्या लँडलाइनला मात्र ०२५२२ लागतं, त्यासाठी एका शून्याने सुरू होणाऱ्या अकरा आकड्यांचा वेगळा पॅटर्न, पण दुसरा आकडाही शून्य असेल तर जाऊ द्यायचा नाही. आयएसडीचा रूट बनवायचाच नाही. आणि एक्स्टेन्शन २०१ पासून द्या, १०० पासून देऊ नका, १००, १०१, १०८, ११२ हे सगळे पोलीस-फायर-ॲम्ब्युलन्सचे, कुणी घाईत फोन लावला आणि गोदामातला माणूस हॅलो म्हणाला तर काय करणार.

मीनल_फ्रंटडेस्क:
मी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिसेप्शनला आहे, टेक्निकल काही सांगत नाही, पण यादीत आयव्हीआर (अमक्यासाठी एक दाबा सांगणारा रेकॉर्डेड आवाज) दिसलं म्हणून हौसेने टाकू नका. आमच्याकडे 'मराठीसाठी एक दाबा'पासून सुरुवात करून आत आणखी तीन मजले होते, लोक वैतागून फोन ठेवायचे नाहीतर काहीही दाबायचे. नऊ माणसांच्या ऑफिसात फोन सरळ माणसाकडे जाऊ दे. ठेवायचंच असेल तर सातनंतरचा निरोप ठेवा, त्यात ऑफिसची वेळ सांगा, आणि मराठी-हिंदी दोन्ही मिळून पंधरा सेकंदांच्या आत आटपा. आवाज ऑफिसातल्याच कुणाचा तरी घ्या, फोनवरूनच रेकॉर्ड करता येतो, फक्त एसीखाली आणि ट्रॅफिकच्या बाजूला बसून नको. कॉल रेकॉर्ड होतोय हेही समोरच्याला आधीच ऐकवा.

गाळा_नंबर_चौदा:
वायरमनभाऊ हे शून्याचं तर कुणी बोललंच नव्हतं, आमच्याकडे खरंच ० दाबून लाइन घ्यायची सवय आहे 😅 मीनलताई पटलं, आयव्हीआर बाद. सातनंतर मोबाईलवर यायचं काय करू? रिंग ग्रुपमध्ये माझा मोबाईल टाकला तर चालेल ना?

लॅमिंग्टनचा_वायरमन:
चालेल, नंबरच्या शेवटी # लावला की तो बाहेरचा नंबर समजतो. पण हिशोब बघा. गिऱ्हाईक पहिल्या लाइनीवर आला, तुमच्या मोबाईलला फोन गेला दुसऱ्या लाइनीवरून, म्हणजे एका माणसाने दोन्ही लाइनी खाल्ल्या, पुढच्याला एंगेज. शिवाय मोबाईलवर गिऱ्हाईकाचा नाही तुमच्याच ऑफिसचा नंबर दिसणार. त्यापेक्षा मोबाईलवर सॉफ्टफोनचं ॲप (मोबाईललाच ऑफिसचा फोन बनवणारं) टाका आणि व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी बोगद्यातून) एक्स्टेन्शन २१० म्हणून जोडा, मग लाइन एकच अडकते आणि नंबरही दिसतो. बँडविड्थची काळजी नको, जी-७११ वर (आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला एका बाजूला जेमतेम ९० केबीपीएस लागतात. टाइम कंडिशनमध्ये सात वाजल्यानंतरचा रस्ता २१० कडे वळवा. टाइम झोन एशिया कोलकाता आहे का ते आधी बघा, यूटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) असेल तर तुमचे सात वाजायचे तेव्हा सिस्टीमचे दीड वाजलेले असतात.

दार_लावून_घ्या:
एवढे सगळे बोलले आणि महत्त्वाचं राहिलं. हा पीसी राउटरमधून पोर्ट उघडून इंटरनेटवर ठेवलाय का? ठेवला असेल तर हा मेसेज वाचून व्हायच्या आत बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या १५, १६ आणि १७ तिन्हींमध्ये मोठं भगदाड निघालं, त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-५७८१९, आणि ते होतं कशात तर एंडपॉइंट मॅनेजर या फोन आपोआप सेट करणाऱ्या, पैशाच्या मॉड्यूलमध्ये. ज्यांचं ॲडमिनचं पान बाहेरून उघडत होतं त्यांच्या सिस्टीममध्ये लोक पासवर्डशिवाय घुसले. पॅच आला, पण तोवर ज्यांची व्हायची त्यांची वाट लागली होती. व्हेंडर 'सगळी टाकून घ्या' म्हणाला ना, त्याच्या यादीत हेही असणार, आणि नऊ फोन हाताने सेट करायला एक दुपार पुरते, त्यासाठी वेगळं मॉड्यूल कशाला. जे लागत नाही ते नुसतं डिसेबल नाही, अनइन्स्टॉल करा.

गोदाम आणि मोबाईल दोन्ही व्हीपीएनमधूनच. एक्स्टेन्शनचा पासवर्ड २०१ ला २०१ असला प्रकार नको, सिस्टीम स्वतः लांबलचक देते तोच ठेवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका ऑफिसात असाच पासवर्ड होता, शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुणीतरी कुठल्या कुठल्या देशांत फोन लावले, बिल आलं तेव्हा कळलं.

आणि गोदामातून मुंबईच्या लाइनीवरून बाहेर फोन लावायचा विचार असेल तर ऑपरेटरला आधी लेखी विचारा. आतल्या आत बोलणं वेगळं, इंटरनेटवरून आलेला कॉल लँडलाइनला जोडणं वेगळं, त्याचे दूरसंचार खात्याचे नियम आहेत, 'सगळे करतात' म्हणणाऱ्या व्हेंडरच्या भरवशावर राहू नका.

ठाणे_स्लो:
म्हणूनच म्हटलं होतं डबा घ्या 🙂

दार_लावून_घ्या:
डबाही इंटरनेटवर उघडा ठेवला तर तेच होतं हो.

गाळा_नंबर_चौदा:
अपडेट. पोर्ट खरंच उघडा होता, भाच्याने पुण्याहून बघता यावं म्हणून ठेवलेला, बंद केला आणि त्याला व्हीपीएन दिला. चार पोर्टचा गेटवे आणला, वायरमनभाऊंच्या यादीतली मॉड्यूल्स टाकली, एंडपॉइंटवालं काढलं. तिघांकडे एकदम वाजतंय, गोदामाशी आवाज खणखणीत. रेकॉर्डिंग चालू आहे पण डिस्क किती भरेल? आणि दोन त्रास आहेत. एक, एका लाइनीवर गिऱ्हाईकाचा नंबर दिसतो, दुसरीवर अननोन. दोन, समोरच्याने फोन ठेवला तरी अननोनवाली लाइन सुटत नाही, एंगेजच राहते, मग गेटवे बंद-चालू करायला लागतो. ही दुसरी लाइन जुनी तांब्याची आहे, पहिली फायबरच्या डब्यातून येते.

लॅमिंग्टनचा_वायरमन:
डिस्कचं सोपं, साधी वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १ एमबी. रोजचे तीन तास बोलणं धरलं तरी २०० एमबीच्या आत, महिन्याला पाचेक जीबी. जुनं खोडायचं ठरवून ठेवा म्हणजे झालं.

दोन्ही त्रासांचं मूळ एकच, गेटवे अमेरिकेच्या सेटिंगवर बसलाय. आपल्याकडच्या तांब्याच्या लाइनीवर नंबर बहुधा डीटीएमएफने (बटणं दाबल्यावर वाजतात त्या सुरांनी) येतो, तोही रिंग वाजायच्या आधी, पोलॅरिटी (लाइनीचे प्लस-मायनस) उलटली की. ॲस्टेरिस्कच्या कार्डवाल्या सेटिंगमध्ये तर यासाठी इंडियाचा वेगळा पर्यायच आहे. तुमचा गेटवे बेलकोरची (नंबर पाठवायच्या अमेरिकी पद्धतीची) वाट बघत बसतो, जो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये येतो, फायबरचा डबा तसाच पाठवत असणार म्हणून ती लाइन चालते. तांब्याच्या पोर्टला कॉलर आयडी स्कीम डीटीएमएफ करा. फायबरवाल्याला हात लावू नका, फक्त किती रिंगनंतर उचलायचं ते २ ठेवा, नाहीतर नंबर पोचायच्या आधीच उचलून मोकळा होईल.

लाइन न सुटण्याचं असं की समोरचा फोन ठेवतो तेव्हा एक्स्चेंज एंगेज टोन देतं आणि गेटवेला तो ओळखता यायला हवा. आपला टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद. अमेरिकेचा ४८० आणि ६२० मिळून, अर्धा-अर्धा सेकंद, त्यामुळे आपला टोन कानावर पडूनही तो गप्प. टोनमध्ये इंडिया निवडा, नसेल तर ४०० आणि ७५०-७५० मिलिसेकंद हाताने भरा. सेव्ह करून गेटवे रीबूट करा, मग मोबाईलवरून त्या लाइनीवर फोन लावून, उचलून, मोबाईल आधी ठेवा आणि लाइन सुटते का बघा. लाइनीत खरखर असेल तर टोन ओळखायला चुकेल, पावसाळ्यात हमखास, तेव्हा आधी साधा फोन थेट भिंतीच्या खोक्याला लावून आवाज ऐका. तिथेच खरखर आली तर सेटिंगशी खेळत बसू नका, सरळ लाइनची कम्प्लेंट टाका.

गाळा_नंबर_चौदा:
डीटीएमएफ केल्यावर नंबर आला! टोनच्या यादीत इंडिया नाहीये, आकडे भरतोय. फ्रिक्वेन्सीचे दोन रकाने आहेत, दुसऱ्यात काय टाकू?

लॅमिंग्टनचा_वायरमन:
दुसऱ्यातही ४००च टाका.