अमेरिकी रेल्वे, सुरुवातीचे डिझेल इंजिन आणि गाडी सोडण्याची परवानगी

घोरपडीकर:
नमस्कार. १९५० च्या सुमाराच्या अमेरिकी एकेरी मार्गाचे मॉडेल मी पुण्यात घरी उभारत आहे. त्या काळच्या छायाचित्रांत स्टेशनवरचा माणूस धावत्या डिझेल इंजिनाकडे काठीला अडकवलेला कागद उंचावताना दिसतो. ही आपल्या टोकनसारखीच (एकेरी मार्गावर पुढे जाण्याची परवानगी म्हणून चालकाला देतात ती वस्तू) पद्धत होती का? आणि असल्यास सिग्नलचे काम काय उरत होते?

मिरज_लाइन:
देण्याची रीत सारखी असली तरी तत्त्व वेगळे आहे. आपल्या एकेरी मार्गांवर पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर (मार्ग मोकळा असल्याची संमती) दिल्याशिवाय स्टेशनवरच्या नील टोकन यंत्रातून टोकनाचा पोलादी गोळा निघत नसे आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरा निघू शकत नसे. अमेरिकेतील त्या कागदामागे असे कुलूप नव्हते. तिथे मूळ अधिकार वेळापत्रकाचा होता: गाड्यांचे वर्ग ठरलेले, समान वर्गात ठरावीक दिशेची गाडी श्रेष्ठ, आणि कनिष्ठ गाडीने तिच्या वेळेआधी बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचे. गाडीला उशीर झाला किंवा जादा गाडी सोडायची असली, की डिस्पॅचर (त्या मार्गावरील गाड्यांचा नियंत्रक) तारेने वा टेलिफोनने आदेश सांगे, स्टेशनवरचा ऑपरेटर तो लिहून घेऊन परत वाचून दाखवत आणि मगच तो लागू होई. धावत्या गाडीला देता येणारा आदेश तो १९ क्रमांकाच्या छापील नमुन्यावरचा. ३१ क्रमांकाच्या नमुन्यावर सही लागत असल्याने गाडी थांबवावीच लागे. सारी भिस्त माणसाच्या वाचनावर आणि घड्याळावर होती, हे मला आजही धाडसाचे वाटते.

सिग्नलबद्दल म्हणाल, तर स्टेशनवरचा सिग्नल आदेश घ्यायचा आहे की नाही एवढेच सांगे. स्वयंचलित ब्लॉक सिग्नल पुढचा रूळ व्यापलेला आहे का ते दाखवत. पण केवळ तो हिरवा आहे म्हणून श्रेष्ठ गाडीच्या वेळेत पुढे जाता येत नसे.

खडकी_यार्ड:
एक भर घालतो. सिग्नललाच परवानगीचा दर्जा देणारी केंद्रीय वाहतूक नियंत्रण पद्धत (एकाच ठिकाणाहून साऱ्या मार्गाचे सिग्नल हाताळण्याची) १९२७ मध्ये ओहायोतील स्टॅन्ली ते बर्विक या मार्गावर सुरू झाली, म्हणजे मालगाड्यांना डिझेल इंजिने लागण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे डिझेलने कागद घालवला असे मानू नये. डिझेल इंजिने आणि कागदी आदेश बराच काळ शेजारी नांदले. मॉडेलसाठी सांगायचे, तर जादा गाडीच्या इंजिनावर पांढरे दिवे किंवा निशाणे असत आणि त्याच गाडीचा आणखी एक भाग, म्हणजे त्याच वेळापत्रकावर धावणारी दुसरी गाडी, मागून येत असेल तर हिरवी. बहुतेक मालगाड्या जादा म्हणूनच धावत, तेव्हा आपण पांढऱ्यांनीच सुरुवात करावी.

घोरपडीकर:
आभारी आहे. म्हणजे सिग्नलच्या तारा ओढण्याआधी मला वेळापत्रकच लिहायला हवे.